वाचकांचे प्रश्न : अंगावर येणारा कोंबडा आणि कळपात नवीन आलेल्या कोंबड्या

दिवाळी झाली, ऊन जरा खाली आलं, की आपल्या सोलापूरकडं कोंबड्या घ्यायची गडबड सुरू होते. कोणी सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातून आणतं, कोणी गल्लीत मोटरसायकलला जाळीचे खोके बांधून येणाऱ्याकडून गिरिराज नाहीतर वनराज घेतं, आणि आठ दिवस झाले की आमच्याकडं प्रश्न यायला लागतात. ह्या वेळी बहुतेकांचं दुखणं दोनच गोष्टींचं आहे, एकतर कोंबडा माणसांवर धावतोय नाहीतर नव्या कोंबड्यांना जुन्या टिकू देईनात. म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं छापली नाहीत, फक्त गाव दिलंय.

आमचा कोंबडा सात महिन्यांचा आहे. पिल्लू होता तेव्हा एकटाच वाचला म्हणून घरात खोक्यात वाढवला, माझा चार वर्षांचा मुलगा त्याला कडेवर घेऊन फिरायचा इतका गरीब होता. दिवाळीपासून काय झालंय कळेना, अंगणात पाय ठेवला की धावून यायलाय. माझ्या पोटरीला दोनदा रक्त काढलं. आमचे हे झाडूनं हाणतात तर अजूनच चवताळतो. सासूबाई म्हणतात तो मरीआईच्या नवसाचा आहे, आखाडापर्यंत सांभाळायचाच. कोंबड्या पाच आहेत. काय करावं? (जुळे सोलापूर)

ताई, सगळ्यात आधी मुलाचं. आजपासून तो आणि कोंबडा एका अंगणात मोकळे नकोत, एक मिनिटभरसुद्धा. चार वर्षांच्या लेकराचा चेहरा आणि उडी मारलेला कोंबडा एकाच उंचीवर येतात, आणि कोंबडा चोचीनं नाही तर दोन्ही पाय पुढं करून पंजानं मारतो, डोळ्याला लागलं तर भरून येण्यासारखं नाही. चार-पाच फूट जाळी लावून कोंबड्याचा भाग वेगळा करा, खर्च फार नाही, आणि बाकीचं सगळं त्यानंतर.

आता तो असा का झाला. चार ते सात महिने हे कोंबड्याचं वयात यायचं वय, अंगात हार्मोन्स वाढतात, तुरा लाल होतो, आरवायला लागतो आणि कळपात आपली जागा कुठं हे तो तपासून बघायला लागतो. तुमच्या कोंबड्यानं लहानपणी दुसऱ्या कोंबड्या बघितल्याच नाहीत, त्यानं बघितली ती माणसं. त्यामुळं त्याला माणसाची भीती नाही आणि माणूस म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी असं त्याच्या डोक्यात बसलंय. हातावर वाढवलेले कोंबडेच मोठेपणी जास्त अंगावर येतात हा अनुभव कोंबड्या पाळणाऱ्या बऱ्याच जणांना आहे, लोकांना मात्र नवल वाटतं की एवढा लाडका होता आणि असा कसा फिरला. तो फिरला नाही ताई, तो मोठा झाला.

झाडू बंद करा. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय कारण निम्मा त्रास त्या झाडूमुळं वाढलाय. तुम्ही मारलं की त्याच्या दृष्टीनं भांडण सुरू झालं आणि भांडणात मागं हटायचं नाही हे त्याच्या रक्तात आहे, आणि तुम्ही पळालात की तो जिंकला, म्हणजे उद्या परत. मारणं आणि पळणं दोन्ही त्याला शिकवणीच आहे. लाथ तर अजिबात नको, छातीचं हाड मोडतं.

मग करायचं काय, तर आधी त्याची खूण ओळखा. धावण्याआधी तो मानेची पिसं फुलवतो, एक पंख खाली सोडून तिरका तिरका तुमच्याभोवती येतो, किंवा उगाच जमिनीवर टोचल्यासारखं करत एक डोळा तुमच्यावर ठेवतो. हे दिसलं की जागेवर थांबायचं, अंग त्याच्याकडं वळवायचं, हात हलवायचे नाहीत, ओरडायचं नाही. पायात लांब बूट आणि हातात बादली नाहीतर सूप असू द्या, मारायला नाही, आडवं धरायला. तो आदळला तर बादलीवर आदळेल. तुम्ही हलत नाही हे दोन-चार वेळा कळलं की तो मान खाली घालून दुसरीकडं टोचायला लागतो, तेव्हाच तुम्ही तिथून निघायचं, त्याआधी नाही. आणि रोज अंगणात चालताना त्याला वळसा घालून जाऊ नका, सावकाश सरळ त्याच्या जागेतून चालत जा म्हणजे बाजूला त्याला व्हावं लागेल, कळपात वरचा पक्षी असाच चालतो आणि खालचा वाट देतो.

संध्याकाळी अंधार पडला की कोंबडीवर्गाला नीट दिसत नाही, तेव्हा त्याला दांडीवरून अलगद उचला, पंख अंगाशी दाबून काखेत धरा, पाय हातात, आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच धरून घरातली कामं करा. त्यानं धडपड थांबवल्यावरच खाली सोडायचं. दोनेक आठवडे हे रोज. काही लोक कोंबड्याला जमिनीवर दाबून धरायला सांगतात, मला ते पटत नाही, त्यात एकतर तुम्हाला लागतं नाहीतर त्याला, आणि उन्हाच्या वेळी धापा लागून कोंबडा दगावू शकतो. हातातून दाणे चारणंही बंद करा, दाणे लांब फेका, तो कुक कुक करून कोंबड्यांना बोलावेल, ते त्याचं खरं काम आहे आणि त्यात तो गुंतलेला बरा. अंडी काढायची ती तो बाहेर चरत असताना. तुम्ही त्याच्यादेखत कोंबडी पकडलीत, ती ओरडली, तर त्यावेळी तो धावणारच आणि त्यात त्याचं चुकलंही नाही. अजून एक, फडफडणारा पदर, ओढणी, नवीन चपला ह्यावरही काही कोंबडे चवताळतात, थोडे दिवस अंगणात जायला एकच जुना ड्रेस ठेवा.

पायाच्या मागचा काटा सात महिन्यात लहान असतो, वर्षाचा झाला की वाढतो आणि पुढं वाढतच राहतो. त्याचं फक्त टोक कानशीनं घासून बोथट करता येतं, आत जिवंत भाग आणि रक्त असतं म्हणून मुळातून कापायचा, पिरगाळून काढायचा असले प्रकार कोणी सुचवले तरी करू नका. जमत नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

हे सगळं तीन आठवडे मनापासून करून बघा, त्या वयातले बरेच कोंबडे निवळतात. नाही निवळला तर मात्र स्पष्ट सांगतो, लहान मूल असलेल्या घरात तो मोकळा ठेवू नका. नवसाचं म्हणाल तर तो तुमच्या घरचा भाव आहे, त्यात मी पडणार नाही, पण सासूबाईंना एवढं सांगा की नवसाचा कोंबडा सांभाळायचा म्हणजे मोकळाच सोडला पाहिजे असं कुठं नाही, जाळीतसुद्धा आखाडापर्यंत तो मजेत राहील. त्याच्यापासून पिल्लं मात्र काढू नका, हा तापटपणा पुढच्या पिढीत उतरू शकतो. आणि कोंबडा नसला तर अंडी बंद होतील ही भीती असेल तर ती काढून टाका, अंडी द्यायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, पिल्लं काढायला लागतो.

कोंबडा चावला, हातातून रक्त आलं, रेबीजची सुई घ्यावी लागेल का? घरात सगळे घाबरलेत. (बाळे)

रेबीज पक्ष्यांपासून होत नाही, तो सस्तन प्राण्यांचा आजार आहे, कुत्रं मांजर माकड वगैरे. पण कोंबड्याची चोच आणि पंजे दिवसभर शेणामातीत असतात म्हणून जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पाचेक मिनिटं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते डॉक्टरांना सांगून गरज असेल तर घ्या. खोल टोचलं असेल, सुजलं असेल, किंवा डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

जुन्या नऊ कोंबड्या होत्या, बाजारातून सहा तलंगा (तरण्या कोंबड्या) आणल्या आणि संध्याकाळी खुराड्यात सोडल्या. सकाळी बघतो तर दोघींची डोकी रक्ताळलेली, एक कोपऱ्यात तोंड खुपसून बसलेली. आज पाचवा दिवस, त्या सहाजणी खायलाच येईनात, त्यात एक शिंकायलीय. आमच्या आईचं म्हणणं दोन दिवसांत होतंय सगळं सरळ. होईल का? (मोहोळ तालुका)

आईंचं म्हणणं अगदीच चूक नाही, रात्री सोडायची पद्धत जुनी आहे आणि मोठ्या वाड्यात, शेतात, जिथं पळायला जागा आहे तिथं चालूनही जाते. पण बंद खुराड्यात नऊजणींसमोर सहा अनोळखी म्हणजे पळायला वाटच नाही. आणि मारामारी ही नंतरची गोष्ट दादा, ती शिंकणारी कोंबडी आधी बघा.

आजच्या आज त्या सहाही बाहेर काढा, फक्त शिंकणारी नाही, सहाच्या सहा, आणि घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवा. बाजारात दहा गावांचे पक्षी एका पाटीत असतात, कोणी काय घेऊन आलंय ते दिसत नाही. नवीन पक्षी घरी आणला की तीन ते चार आठवडे वेगळा, हा नियम मी कोणालाही मोडू देणार नाही. वेगळा म्हणजे पाण्याचं भांडं वेगळं, खाद्याचं वेगळं, आधी जुन्यांचं सगळं करायचं मग नव्यांकडं जायचं, नव्यांकडून आलं की हातपाय धुवायचे आणि चपला तिथल्या तिथंच ठेवायच्या. ह्या दिवसांत बघायचं काय, तर नाकातून पाणी, डोळ्यात फेस, रात्री कान देऊन ऐकलं तर घरघर, हगवण हिरवी आहे का, रक्त आहे का, पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाला उवा दिसतात का, पायाचे खवले वर उचलल्यासारखे झालेत का. शिंकणारीला दवाखान्यात दाखवा, मेडिकलमधून आणलेल्या माणसांच्या गोळ्या चुरून घालू नका. आता त्या पाच दिवस एकत्र होत्या म्हणजे जुन्या नऊजणींवरही लक्ष पाहिजे.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, भीती सगळ्यात मोठी. हिरवी हगवण, मान वाकडी होणं, एकामागून एक मरणं, आणि लागली की औषध नाही, फक्त लस आधी दिलेली असेल तर वाचतात. पिल्लं ५ ते ७ दिवसांची असताना लासोटा ह्या लसीचे थेंब आणि आठव्या आठवड्याच्या आसपास आर-टू-बी ह्या लसीचं इंजेक्शन, हे विकणाऱ्यानं दिलंय म्हणून सांगितलं तरी कागद नसेल तर दिलं नाही असंच समजा. लोक म्हणतात सहा कोंबड्यांसाठी लस कुठं मिळते, कुपी शंभर किंवा त्याहून जास्त डोसची असते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते, हे खरंय, म्हणून गल्लीतल्या, वस्तीवरच्या चार घरांनी एकत्र येऊन एकाच सकाळी सगळ्यांच्या टोचून घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ ह्या नंबरला फोन केला तरी चालतो. अचानक बरेच पक्षी मेले तर ते कुठं फेकू नका, विकू नका, लगेच कळवा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू सापडला होता तेव्हा आपल्याकडंही किती धास्ती होती आठवत असेल.

आता मारामारीचं. कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकीचा नंबर ठरलेला असतो, कोण कोणाला टोचणार आणि कोण गप ऐकून घेणार. थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसानं लहानपणापासून कोंबड्या बघून बघून १९२१ च्या सुमाराला हे पहिल्यांदा नीट मांडलं, आपल्या आज्या तर कागदाशिवायच हे जाणून होत्या. नवीन कोंबडी आली की हा सगळा क्रम उलटापालटा होतो आणि परत ठरवावा लागतो. एसटीत आधीपासून बसलेली माणसं बार्शीला चढलेल्याला लगेच जागा देत नाहीत, पण दोन थांबे गेले की सरकतात, तसं आहे हे. तुम्हाला फक्त ते दोन थांबे पार पडेपर्यंत रक्त निघू द्यायचं नाही.

वेगळं ठेवायचा महिना संपला की नव्यांचा पिंजरा उचलून जुन्यांच्या शेजारी आणा, मध्ये जाळी. दिसलं पाहिजे, आवाज आला पाहिजे, चोच पोचली नाही पाहिजे. दोन आठवडे तसंच, आणि खाद्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ ठेवा म्हणजे एकमेकींसमोर खायची सवय होते. सुरुवातीला जुन्या जाळीवर धडका देतील, मग कंटाळतील. त्या कंटाळल्या की समजा वेळ झाली.

पहिली भेट खुराड्यात कधीच नको. संध्याकाळी खुराड्यात जायच्या आधी तासभर सगळ्यांना मोकळ्यात सोडा, ज्वारी लांब लांब पसरून टाका, पोटाच्या मागं लागलेली कोंबडी भांडणाच्या मागं कमी लागते. तासाभरानं अंधार पडतोच आणि सगळ्या आपोआप थंड होतात. चार-पाच संध्याकाळी असं झालं की मग एका रात्री नव्यांना उचलून जुन्यांबरोबर दांडीवर बसवा. आईंची रात्रीची पद्धत इथं उपयोगी पडते, ओळख झाल्यावर. त्याच दिवशी खुराड्यातली दांडी, भांडी थोडी इकडची तिकडं केली तर अजून बरं, जुन्यांनाही जागा नवीन वाटते. दुसऱ्या दिवशी पहाटे लवकर उठून दार उघडायचं, पहिली मारामारी उजाडतानाच होते.

पाण्याची भांडी तीन ठेवा, खाद्याची तीन, एकमेकांपासून लांब. एकच भांडं असेल तर वरची कोंबडी तिथंच पहारा देते आणि खालचीला प्यायलाच मिळत नाही. अंगणात पत्रा तिरका लावा, मोडकी टोपली, फांद्यांचा ढीग, काहीही, पण प्रत्येक आडोशाला दोन बाजूंनी वाट पाहिजे. एकच तोंड असलेला आडोसा म्हणजे सापळा आहे, तुमची ती कोपऱ्यात तोंड खुपसलेली तलंग तशीच अडकली असणार. आणि जागा मोजा, खुराड्यात एका पक्ष्याला कमीत कमी दोन-तीन चौरस फूट, अंगणात आठ-दहा, दांडीवर वीतभर. पंधरा पक्ष्यांना तेवढं नसेल तर कोणतीच युक्ती चालणार नाही, आधी खुराडं वाढवा.

कधी मध्ये पडायचं हे पुष्कळांना कळत नाही. पाठलाग, एक-दोन टोचे, पिसं उडणं, हे चालू द्या. पण रक्त आलं, किंवा दोघी-तिघी मिळून एकीला दाबून मारायला लागल्या, किंवा एखादी दिवसभर खाली उतरलीच नाही, तर लगेच काढा. रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथंच टोचतात आणि थांबत नाहीत, म्हणून जखम धुऊन जेन्शन व्हायोलेट लावा, औषधही होतं आणि लालही दिसत नाही. पोटात काही जातंय का हे बघायची सोपी खूण, रात्री दांडीवर बसलेली असताना गळ्याच्या खाली उजवीकडची अन्नाची पिशवी चाचपून बघायची, भरलेली लागली तर चिंता नाही, रिकामी लागली तर ती उपाशी झोपलीय.

आणि एखादीच जुनी कोंबडी खुनशी निघाली तर लोक मार खाणारीला वेगळं काढतात, ते उलटं करा, मारणारीला तीन-चार दिवस वेगळी ठेवा, नजरेआड. परत येते तेव्हा तिचीच जागा गेलेली असते आणि तिला नव्यानं सुरुवात करावी लागते. सगळा क्रम बसायला दोन-तीन आठवडे लागतात, तुम्ही पाच दिवसांत धीर सोडू नका.

माझ्याकडं असील क्रॉसचे दोन सख्खे भाऊ कोंबडे आहेत, एकत्र वाढले. आता एकमेकांचे डोळे फोडतील अशी अवस्था. मध्ये जाळी लावली तर जाळीतून भांडायलेत. मित्र म्हणायलेत झुंज लावू, पैसे मिळतील. मी कॉलेजला आहे. (मंगळवेढा)

झुंज लावू नकोस. प्राण्यांना झुंजीला लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेव, तू ज्यांना पिल्लापासून वाढवलंस त्यांना पैशासाठी एकमेकांकडून फाडून घ्यायचं हे तुलाही आवडणार नाही म्हणून तर तू आम्हाला लिहिलंस. मित्रांना सरळ नाही म्हण.

असील ही जातच पिढ्यान्पिढ्या लढाऊपणासाठी निवडलेली आहे. माणसाशी ती बऱ्याचदा शांत असते, दुसऱ्या कोंबड्याशी मात्र नाही, त्यामुळं हे दोघं समजुतीनं राहतील ही आशा थोडीच ठेव. पारदर्शक जाळीनं उपयोग नाही कारण समोर शत्रू दिसतोय आणि पोचता येत नाही, ह्यानं तर राग वाढतो आणि जाळीवर आपटून तुरे फाटतात. जाळीला खालून तीन फूट गोणपाट नाहीतर पत्रा मार, दिसलंच नाही पाहिजे. दुसरा मार्ग, दोघांनाही कोंबड्यांपासून पार लांब ठेव, कोंबड्या नजरेत नसल्या तर भाऊ-भाऊ काही वेळा नांदतात, पण असीलची खात्री मी देणार नाही. एकदा वेगळे केलेस की परत एकत्र करायचा प्रयोग नको, चार दिवसांची ताटातूटसुद्धा त्यांना अनोळखी करते.

दोघांत वरचढ कोण हे तुला ओळखायचं असेल तर पहाटे ऐक. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत सगळ्यात वरच्या नंबरचा आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्या मागून, नंबरवारीनं. एक ठेवायचा आणि एक द्यायचा अशी वेळ आलीच तर कोंबड्यांशी जो सौम्य वागतो, दाणा दिसला की आधी त्यांना बोलावतो, तो ठेव, वरचढ असो नसो. दुसरा कोणाला देतोस ते मात्र नीट चौकशी करून, झुंजीवाल्याच्या हातात जाणार नाही एवढं बघ.

कोंबड्या तीन, कोंबडा एक. तिघींच्या पाठीवरची पिसं पार गेलीत, कातडी उघडी पडलीय. उवा नाहीत, बघितलं. (शेळगी)

तीन कोंबड्यांना एक कोंबडा म्हणजे त्याच त्या तिघींवर सारखं चढणं, पंजानं पिसं मोडतात. एका कोंबड्यामागं आठ-दहा कोंबड्या असाव्यात. एकतर कोंबड्या वाढवा (वरची मोहोळची गोष्ट वाचून, सावकाश) नाहीतर कोंबडा वेगळा ठेवून आठवड्यात थोडाच वेळ सोडा. मोडलेल्या पिसाचं खुंट कातडीत असेल तर नवीन पीस पुढची पिसगळ होईपर्यंत येत नाही, म्हणून लगेच फरक दिसला नाही तर निराश होऊ नका. तोवर पातळ सुती कापडाचं पाठ झाकणारं जाकीट, पंखाच्या बुडाला दोन इलास्टिक लावून, कोणीही शिवून देतं. रात्री काढून खाली उवा झाल्यात का बघत जा.

कोंबडी खुडूक बसलीय पण अंडी सगळी वांझ निघाली. विकतची पिल्लं तिच्याखाली घालता येतील का? (बार्शी)

येतील, आणि हे साधलं तर नवीन पिल्लं कळपात मिसळायचा ह्याच्याइतका चांगला मार्ग नाही, कारण आई असली की बाकीच्यांची पिल्लाला टोचायची हिंमत होत नाही, ती अंगावर जाते. कोंबडीला बसून दोन-तीन आठवडे झालेले असावेत (अंडी उबायला २१ दिवस लागतात, तिच्या अंगातही साधारण तो हिशोब असतो) आणि पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत, चार-पाच दिवसांची झाली की ती कोंबडीला आई मानत नाहीत आणि पंखाखाली शिरत नाहीत. पूर्ण अंधारात, बॅटरी न लावता, एक एक अंडं काढायचं आणि एक एक पिल्लू पोटाखाली सारायचं. खरी परीक्षा पहाटे. उजाडायच्या आधी तिथं जाऊन बसा, ती हळू आवाजात पिल्लांशी बोलायला लागली की जमलं, डोक्यावर जोरात टोचायला लागली तर लगेच काढून घ्या आणि बल्बखाली वाढवा. पाण्याचं भांडं उथळ ठेवा, त्यात चार खडे टाका, पिल्लं बुडतात.

एकच म्हातारी कोंबडी उरलीय, बाकीच्या मुंगसानं नेल्या. तिला सोबत म्हणून दोन महिन्यांची तीन पिल्लं घ्यायची म्हणतेय. मी एकटीच असते, माझं वय ७० आहे. उन्हाळ्यात घेतली तर चालतील का? (अक्कलकोट)

आजी, आधी मुंगसाचा बंदोबस्त, नाहीतर ही तीनही जातील. खुराड्याच्या जाळीचं भोक अर्ध्या इंचाचं पाहिजे आणि जाळी जमिनीत वीतभर पुरलेली, दाराला कडी. शेजारच्या कोणा पोराला सांगून करून घ्या, स्वतः वाकून खणत बसू नका.

तीन घेताय ते बरं केलंत, एकच आणली असती तर सगळा मार तिनं एकटीनं खाल्ला असता. म्हातारी एकटी आहे म्हणजे तिला कळप राखायचा नाहीये, ती लवकर सामावून घेईल, तरी दोन महिन्यांचं पिल्लू तिच्या निम्म्यानं असतं म्हणून अजून महिना-दीड महिना जाळीआड वाढू द्या. जाळीला खाली एक एवढंसं भोक ठेवा की पिल्लू जाईल आणि मोठी जाणार नाही, मग बाहेर यायचं का आत पळायचं हे पिल्लंच ठरवतात आणि तुम्हाला सारखं राखत बसावं लागत नाही.

खाद्याचं एक लक्षात ठेवा. अंड्यावरच्या कोंबडीचं लेयर खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यात चुन्याचा अंश इतका जास्त असतो की वाढत्या पिल्लाची किडनी खराब होते. सगळ्यांना ग्रोअर (वाढत्या पिल्लांचं) खाद्य द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत, म्हातारीला लागेल तेवढा ती खाईल. ज्वारीचा भरडा चालेल पण वरखाद्य म्हणून, नुसत्या ज्वारीवर पिल्लं वाढत नाहीत.

आणि उन्हाळ्यात नको. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला टेकतो, त्या दिवसांत कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकत असते, त्यात प्रवास, नवीन जागा, टोचाटोची, एवढं तिला झेपत नाही. घ्यायची तर आताच, म्हणजे वेगळं ठेवणं, जाळीआडची ओळख सगळं फेब्रुवारीपर्यंत पुरं होतं. आता जमलं नाही तर पाऊस पडून हवा थंडावेपर्यंत थांबा, आणि पावसात घेतलीत तर खालचं भुसकट कोरडं ठेवा, ओल्यात पिल्लांना रक्ती हगवण लागते. म्हातारीला तोवर एकटं वाटू नये म्हणून खुराडं तुमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आणून ठेवा, तुमचा वावर आणि आवाज तिला पुरतो.